पिशवीची जागा

मी आयुष्यभर लोकांना त्यांच्या संडासाविषयी विचारत आले. सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून रुजू झाले तेव्हा या नोकरीत हेच मुख्य काम असेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. कन्नड तालुक्यातल्या आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांना वडील कौतुकानं सांगायचे, "पोरगी औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात हाय." मग पाहुणे विचारायचे, काय काम असतं? मी म्हणायची, सुया देते. खरं सांगायची सोय नव्हती. सकाळी राऊंडला निघालं की प्रत्येक खाटेपाशी तेच: झाली का, किती वेळा झाली, साफ झाल्यासारखं वाटतं का, रक्त पडतं का, पडत असेल तर वेगळं पडतं की मिसळून.

गावात चार माणसांचे तंटे मिटवणारे धिप्पाड लोक या प्रश्नाला खिडकीबाहेर बघत बसायचे. बायका पदर तोंडाशी धरून "बरं हाय" एवढंच म्हणायच्या. या "बरं हाय"ची मला फार धास्ती वाटायची, कारण मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा या दोन शब्दांच्या आड महिनोन्‌महिने बसून राहिलेला मी पाहिलाय.

मोठं आतडं म्हणजे पोटाच्या उजव्या कोपऱ्यातून वर चढणारी, मग आडवी जाऊन डावीकडं खाली उतरणारी एक जाडसर नळी. तिचा शेवटचा भाग म्हणजे गुदाशय. या नळीच्या आतल्या अस्तरावर कधीकधी मांसाचे बारीक कोंब उगवतात. डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणतात. बरेचसे कोंब जन्मभर काही त्रास देत नाहीत. काही मात्र हळूहळू, वर्षानुवर्षं वाढत जातात आणि त्यांचा कॅन्सर होतो. तो हळू चालतो ही त्याची एकच मेहेरबानी. कोंब असतानाच सापडला तर दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो, आणि पुढचं सगळं टळतं. पण कोंब दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दवाखान्यात येणारं माणूस मी क्वचितच पाहिलं. गाठ झाल्यावर शौचातून रक्त जातं, सवय बदलते, जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटतं, कारण नसताना वजन उतरतं, अंगातलं रक्त कमी होतं. आणि रक्त दिसलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "मूळव्याध आहे." दहातल्या बऱ्याच जणांना ती खरंच मूळव्याधच असते. म्हणून तर उरलेले फसतात.

रहीम मास्टर असेच फसले होते.

औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान होतं. लग्नाच्या शेरवान्या, सूट, जोधपुरी. वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंगानं सडपातळ, कायम इस्त्रीचा पांढरा कुर्ता. ते आमच्या बाह्यरुग्ण विभागात आले तेव्हा जवळजवळ वर्षभर रक्त जात होतं. एका वैद्याच्या पुड्या झाल्या होत्या, बवासीरच्या, म्हणजे मूळव्याधीच्या, पाटीखाली बसणाऱ्या एकाचं मलम झालं होतं. त्या वर्षात एकानंही त्यांना आतून बोटानं तपासलं नव्हतं. सोबत त्यांची बायको नसीम होती. बुरख्याचा पडदा वर करून तीच बोलत होती.

"यांचं बसणं बघा, सिस्टर. मशीनवर गोल गादी घेऊन बसतात. मला म्हणतात, थकलोय."

मास्टर हसून म्हणाले, "दर्जी लोकांना असतंच ते. आमच्या अब्बांनाही होतं. बसून बसून."

"मग अब्बा कशानं गेले?" मी विचारलं.

"त्यातच गेले. बवासीर बिघडली म्हणाले."

मूळव्याधीनं माणूस असा झिजून जात नाही. मी हे मनातच ठेवलं आणि देशपांडे सरांना आवाज दिला. सर आमचे मुख्य सर्जन. त्यांनी पडद्याआड तपासलं. तपासणी मिनिटभराची असते. पण हातमोजा काढून बादलीत टाकायला सरांना त्या दिवशी जास्त वेळ लागला, तेव्हाच मी ओळखलं. इतकी वर्षं एकत्र काम केल्यावर माणूस पाठमोरा असला तरी कळतं.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. जुलाबाचं औषध पाजून आतडं धुऊन काढलं, दुर्बीण घातली, गाठीचा छोटा तुकडा तपासायला गेला. तुकड्याचा निकाल यायला काही दिवस लागतात. त्या दिवसांत नातेवाईक सिस्टरच्या चेहऱ्यावरून निकाल वाचायचा प्रयत्न करतात. नसीम रोज दुपारी यायची, काहीच न विचारता बाकावर बसायची आणि निघून जायची. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं.

कॅन्सरच होता. गाठ गुदाशयात अगदी खाली, शौच धरून ठेवणाऱ्या स्नायूला लागून. सरांनी कागदावर चित्र काढून दोघांना समजावलं. सुदैवानं लिव्हरमध्ये, फुप्फुसात काही पसरलं नव्हतं. आधी शेक द्यायचे आणि बरोबर केमोच्या गोळ्या, म्हणजे गाठ आखडेल. मग काही आठवडे थांबून ऑपरेशन. रेडिएशनला आमच्याकडं शेक म्हणतात, पण त्यात चटका बसत नाही. मशीनखाली पडून राहायचं असतं, कातडी नंतर लाल होते.

"गाठ वर असती," सर म्हणाले, "तर तेवढा भाग कापून दोन टोकं पुन्हा जोडली असती. तुमची फार खाली आहे. तो स्नायूही काढावा लागणार. मग शौचाची वाट पोटावर, डाव्या बाजूला काढायची, आणि त्यावर पिशवी लावायची."

"कितने दिन?" नसीमनं विचारलं.

"काहींना थोड्या महिन्यांसाठी लागते. यांची कायमची."

मास्टर चित्राकडं बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली. आम्ही ती मान होकार समजलो.

शेक त्यांनी निमूट पूर्ण केले. थकवा आला, बसायला त्रास झाला, पण एकही दिवस चुकवला नाही. शेवटी शेवटी रक्त थांबलं. परत तपासलं तर गाठ आकसून निम्मी झाली होती. ऑपरेशनसाठी कधी भरती व्हायचं ते ठरलं आणि मास्टर आलेच नाहीत.

पहिल्या आठवड्यात वाटलं, घरी काही कार्य असेल. दुकानात फोन केला तर कुणीतरी म्हणालं, मास्टर बाहेर गेलेत. पुन्हा केला, पुन्हा तेच. शेकानंतरचा हा काळ फार मोलाचा असतो. गाठ आखडलेली असते, सुजलेलं आतलं मांस निवलेलं असतं, तेव्हाच चाकू लावायचा. फार लांबवलं तर उरलेली गाठ पुन्हा हातपाय पसरते. हल्ली काही मोजक्या रुग्णांत गाठ पूर्ण विरघळली तर डॉक्टर बारीक नजर ठेवून थांबतात. मास्टरांची विरघळलेली नव्हती. रोज सकाळी मी त्या रिकाम्या खाटेवर दुसरा पेशंट घेत होते आणि रोज दिवसभर दाराकडं बघत होते.

शेवटी सुट्टीच्या दिवशी रिक्षा करून औरंगपुऱ्यात गेले. लगीनसराई होती, गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मास्टर मशीनवर होते, मांडीवर सोनेरी जरीची शेरवानी. मला बघून उठले, खुर्ची पुसली, चहा सांगितला.

"बघा सिस्टर, रक्त बंद. भूक लागते. वजन वाढलं," त्यांनी हात पसरून दाखवलं.

"मास्टर, गाठ आत आहे."

"शेकानं जळून गेली ना."

"निम्मी गेली. निम्मी आहे. ती रक्त देत नाही म्हणून तुम्हाला दिसत नाही."

ते परत मशीनवर बसले आणि पायडल मारायला लागले. सुईखाली कापड नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या कारागिरांना ऐकू जाऊ नये म्हणून ते मशीन चालवत होते, हे मला त्यांनी बोलायला सुरुवात केल्यावर कळलं.

"सिस्टर, दिवसातून पाच वेळा मी अल्लाहपुढं उभा राहतो. पाक होऊन. कपड्याला शिंतोडा उडाला तरी मी कुर्ता बदलतो. पोटावर घाण बांधून मी कसा उभा राहू? मशिदीत पहिल्या रांगेत बसतो मी. शेजारच्याला वास आला तर?"

"वास येत नाही. पिशवी नीट बसली तर..."

"आणि ती कधी भरणार, ते माझ्या हातात नाय. व्हय का नाय?"

"नाही. ते तुमच्या हातात राहणार नाही."

"मग वुज़ू, नमाजाआधी हातपाय धुऊन पाक होतो ते, टिकणारच नाही. नमाज नाही झाली तर मी जगून करू काय, सांगा."

पिशवीबद्दल मी कितीतरी लोकांना समजावलं होतं. कपडे कसे घालायचे, प्रवास कसा करायचा, काय खाल्लं की वारा धरतो. हा प्रश्न माझ्या आवाक्यातला नव्हता, आणि उगीच "होईल हो सगळं ठीक" म्हणण्याइतकी मी नवखी राहिले नव्हते. मी चहा संपवला आणि एवढंच म्हणाले, "उशीर करू नका. मला तुमच्याबद्दल भीती वाटते."

दुकानाच्या वरच त्यांचं घर होतं. जिन्यापाशी नसीम उभी होती. ती माझीच वाट बघत असावी.

"काय म्हणाले? मला काहीच बोलत नाहीत. रात को उठके बैठे रहते."

सांगावं की नाही, याचा मी क्षणभर विचार केला. पेशंटनं विश्वासानं सांगितलेलं होतं. पण सांगितलं नसतं तर तो विश्वास त्यांच्याबरोबरच कबरीत गेला असता. "त्यांना वाटतं, पिशवी लावली की नमाज होणार नाही," मी म्हणाले.

नसीम कठड्याला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "बस, इतनी बात? और मेरेकू नहीं बोले." तिच्या डोळ्यांत राग होता. "आप जाओ, सिस्टर. ये मैं देखती."

त्यानंतर पुन्हा शुकशुकाट. तो आठवडा मला फार जड गेला. वॉर्डात तेव्हा आणखी एक बाई होत्या, आतडं गाठीनं पूर्ण बंद होऊन आलेल्या, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. घाईचं ऑपरेशन करावं लागलं आणि त्या वाचल्या नाहीत. त्यांचं अंथरूण बदलताना मला सारखं मास्टरांचं बिनकापडाचं मशीन ऐकू येत होतं.

आणि मग एका सकाळी बाह्यरुग्ण विभागाच्या दारात तिघं उभे होते. मास्टर, नसीम, आणि काठी टेकत आलेले पांढऱ्या दाढीचे, त्यांच्या मशिदीतले मौलाना. नसीम मौलानांच्या घरी एकटी गेली होती, आणि नवऱ्यानं जे तिलाही सांगितलं नव्हतं ते तिनं त्यांच्यापुढं मांडलं होतं. मास्टरांचा चेहरा ताणलेला होता. बायकोकडं ते बघतही नव्हते.

मौलाना सरांच्या समोर बसले आणि त्यांनी घाई न करता एकेक विचारलं. दुसरा काही इलाज आहे का? नाही. ऑपरेशन केलं नाही तर? सरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं: गाठ वाढेल, वाट बंद होईल, हाडापर्यंत दुखेल, आणि मग आम्हालाही काही करता येणार नाही. मौलानांनी शेवटचं विचारलं, "पिशवी पे मरीज का काबू रहेगा?"

"नाही," सर म्हणाले.

मौलाना मास्टरांकडं वळले. "सुनो, मास्टर. जिसका काबू नहीं, उसको माज़ूर कहते. हर नमाज के वख्त पिशवी साफ करो, ताज़ा वुज़ू करो, और खड़े हो जाओ. उसके बाद जो हुआ वो तुम्हारे ज़िम्मे नहीं. तुम्हारी नमाज पूरी है."

मास्टरांनी मौलानांकडं बघितलं. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी नमाजाच्या रांगेचं विचारलं, "और सफ में?"

"सफ में जहाँ रोज खड़े रहते, वहीं. मेरे पीछे. कोई कुछ बोला तो मेरेकू बोलेगा."

मास्टरांनी लगेच हो म्हटलं नाही. "सोचता हूँ," म्हणून ते उठले. नसीम त्यांच्यामागं गेली, आणि व्हरांड्यात ते तिच्यावर चिडून बोलल्याचं मला ऐकू आलं: "तूने बाहर बात निकाली?" तिनं उत्तर दिलं, "निकाली. जनाज़ा निकालने से अच्छा." दोन दिवसांनी ते भरती झाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पिशवीची जागा ठरवायची असते, आणि ते काम माझं. बाहेरच्यांना वाटतं, पोटावर कुठंही भोक पाडलं की झालं. तसं नसतं. माणूस बसला की पोटाला वळ्या पडतात. वळीत जागा आली की पिशवी सुटते, गळते, कातडी सोलवटते. हाडाजवळ घेऊन चालत नाही, बेंबीला लागून घेऊन चालत नाही, पट्ट्याखाली घेऊन चालत नाही. म्हणून पेशंटला उभं करायचं, बसवायचं, वाकवायचं, आणि तो रोज जे काही करतो ते करायला लावून पेनानं खूण करायची. टेबलावर भूल देऊन आडवं झोपवलेल्या माणसाचं पोट सपाट दिसतं. तिथं यातलं काही समजत नाही.

मी मास्टरांना उभं केलं, खूण केली. बसवलं, ती वळीत गेली. पुसली. वर घेतली. मशीनवर वाकतात तसं वाकायला सांगितलं. मग म्हटलं, "आता नमाज."

ते माझ्याकडं बघत राहिले.

"सजद्यात पोट दाबलं जातं का, ते बघू."

मी जमिनीवर धुतलेली चादर अंथरली. ते वाकले, सरळ झाले, खाली गेले, कपाळ टेकलं. मी शेजारी गुडघ्यांवर बसून त्यांच्या पोटाकडं बघत होते. माझ्या हातात पेन होतं. मनात एकच होतं, ही जागा चुकायला नको. चुकली तर हा माणूस दिवसातून पाच वेळा मला आठवेल.

ते उठून बसले आणि पहिल्यांदाच जागेबद्दल आपणहून बोलले. "सिस्टर, थोडी वर घ्या. हितं पायजम्याचा नाडा येतो." त्यांनी अंगठ्यानं पोटाची कातडी चिमटीत धरली, कापडाची चूण धरावी तशी, आणि सोडली. "आणि अंगुळभर बाहेर. आत घेतली तर वाकल्यावर दुमडणार."

ते बरोबर होतं. आम्ही दोघांनी मिळून जागा ठरवली. अंघोळीत पुसू नये म्हणून मी खुणेवर चिकटपट्टी लावली. त्यांनी कुर्ता खाली केला आणि विचारलं, "दुखेल का?" इतक्या महिन्यांत त्यांनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता.

"ऑपरेशनची जखम दुखेल. मागं जिथं शिवणार, तिथं बसायला बरेच दिवस त्रास होईल. पोटावरची वाट मात्र दुखत नाही."

ऑपरेशन लांबलं. नसीम थिएटरबाहेर तसबीह, म्हणजे जपमाळ, ओढत बसली होती. सोबत दुसरं कुणी नव्हतं. मास्टरांचा धाकटा भाऊ सलीम बिडकीनला हार्डवेअरचं दुकान चालवायचा. त्याला "बवासीरचं ऑपरेशन आहे" एवढंच कळवलं होतं. मी दर थोड्या वेळानं वॉर्डातून चक्कर मारून यायची आणि नसीम माझ्याकडं बघून मान खाली घालायची. सर बाहेर आले तेव्हा त्यांचे थिएटरचे कपडे घामानं चिकटले होते. "निघालं सगळं," ते म्हणाले.

पोटावरच्या त्या वाटेला स्टोमा म्हणतात. ती ओठाच्या आतल्या बाजूसारखी लाल आणि ओलसर दिसते. पहिल्यांदा तिच्यातून वारा सुटून पिशवी फुगली की आम्ही सिस्टर लोक खूश होतो, आतडं जागं झालं म्हणून. मास्टरांची पिशवी फुगली तेव्हा त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. पिशवी बदलताना ते डोळे मिटून घेत. शिकत होती ती नसीम. पिशवीच्या चिकट तबकडीला मधोमध भोक कापावं लागतं, स्टोमाच्या मापाचं. मोठं झालं तर उघड्या कातडीला मळ लागून ती जळते, लहान झालं तर स्टोमा घासला जातो. नसीम कात्री चालवत होती. मास्टरांनी आवाजावरून डोळे उघडले.

"बड़ा कट रा. चमड़ी जलेगी." त्यांनी हात पुढं केला. "ला इधर."

त्यांनी तबकडी प्रकाशात धरली, एकवार स्टोमाकडं बघितलं आणि न थांबता गोल कापला. त्या दिवसापासून ते स्वतःच करायला लागले. बरे झाले असं मी म्हणणार नाही. पण बघायला लागले, आणि माझ्या हिशेबी अर्धं काम तिथं होतं.

काढलेल्या भागाच्या तपासणीत कडा स्वच्छ निघाल्या, पण जवळच्या काही रसग्रंथींत कॅन्सरच्या पेशी पोचल्या होत्या. म्हणजे आता सलाईनमधून केमो. कुठं एखादी पेशी निसटली असेल तर तिला गाठायचं. या औषधांत एक असं असतं की बोटांना मुंग्या येतात, गार पाण्याला हात लावला की झटके बसतात. आधी सांगितलं होतं. पण दर्ज्याला बोटं म्हणजे काय, याचा पुरता विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता. काही फेऱ्यांनंतर मास्टर म्हणाले, "सिस्टर, सुई हातात आहे का नाही, ते बघावं लागतं." सरांनी लगेच ते औषध बंद केलं, बाकीचं चालू ठेवलं. मुंग्या कमी झाल्या, पुरत्या गेल्या नाहीत. हातानं काज करायचं काम मास्टरांनी कायमचं दुसऱ्या कारागिराकडं दिलं. शहरात त्यांच्या हातच्या काजाला नाव होतं. त्याची हळहळ मला आजही वाटते, आणि औषध त्याआधीच थांबवायला हवं होतं की नाही, याचं सरळ उत्तर सरांकडंही नव्हतं.

मशिदीत ते गेले. काय झालं, कुणी काय म्हटलं, मी विचारलं नाही. एवढंच कळलं की शुक्रवारी दुपारच्या नमाजाला दुकान पूर्वीसारखं बंद असतं.

माझी झोप खरी उडाली ती यानंतरच्या गोष्टीनं. सरांनी निदान झाल्यापासून सांगितलं होतं: वय कमी, वडीलही बहुधा याच दुखण्यानं गेलेले, मूलबाळ नाही, तेव्हा सख्ख्या भावाची दुर्बिणीनं तपासणी झाली पाहिजे, त्रास असो वा नसो. मास्टर दर वेळी "सांगतो" म्हणायचे. भावाला तपासायला सांगायचं तर स्वतःला काय झालं ते सांगावं लागणार होतं. वर्ष होत आलं तरी सलीमला पिशवीचा पत्ता नव्हता. मी दर भेटीला विचारायची. सलीमला मी पाहिलेलं नव्हतं, तरी तो माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. दुकानात खिळे तोलतोय, आणि आत काय चाललंय हे त्याला ठाऊक नाही.

एकदा मास्टर तपासणीला आले तर बरोबर दणकट अंगाचा एक माणूस. "हा सलीम," ते म्हणाले. सरांनी त्याला समजावलं. सलीम हसला.

"डॉक्टरसाब, मेरेकू क्या हुआ? पोतं उचलतो मी. अब्बांना बवासीर होती, भाईजानला बवासीर होती. मला ती पण नाय." तो उठायलाच लागला. "दुकान उघडं टाकून आलोय."

"बैठ," मास्टर म्हणाले.

"भाईजान, कायको डरा रे तुम..."

मास्टर उभे राहिले आणि त्यांनी कुर्ता वर उचलला. तो कुर्ता त्यांनी नसीमशिवाय कुणापुढं उचललेला नव्हता. आमच्यापुढंसुद्धा पडद्याआडच. खोलीत सर होते, मी होते, दार अर्धवट उघडं होतं.

सलीम बघत राहिला. "ये क्या है?"

"अब्बा को बवासीर नहीं थी," मास्टर म्हणाले. "मेरेकू भी नहीं थी. मैं साल भर वही समझा. तू मत समझ."

सलीम खुर्चीत बसला. त्याला पाणी द्यावं लागलं. बराच वेळ तो भावाचा कुर्ता खाली ओढून नीट करत होता, लहान पोराचे कपडे नीट करावेत तसा.

त्याच्या तपासणीच्या दिवशी मी दुर्बिणीच्या खोलीत थांबले. पडद्यावर आतडं दिसतं, गुलाबी, ओलं, बोगद्यासारखं. दुर्बीण वळणं घेत पुढं जाते, आणि बाहेर येताना डॉक्टर सावकाश बघतात. बराच भाग स्वच्छ होता. मी श्वास सोडणार, तेवढ्यात चित्र थांबलं. डाव्या बाजूला, बोराएवढा, देठावर उभा असलेला एक कोंब. तारेचा फास देठावर टाकला, आवळला, कोंब सुटला. सलीम गुंगीत होता, त्याला कळलंही नाही.

कोंब काढला म्हणजे संपलं असं नाही. आत काय आहे ते तपासणीच सांगते. पुन्हा तेच दिवस. या वेळी बाकावर दोघं भाऊ येऊन बसायचे, आणि मास्टर माझा चेहरा वाचायचे.

निकाल सरांनी दोनदा वाचला, मग त्यांच्याकडं बघितलं. पेशी बिघडायला लागल्या होत्या. पण बिघाड कोंबातच होता, देठापर्यंत आला नव्हता. "कॅन्सर नाही," सर म्हणाले. "आणखी काही वर्षं थांबला असता तर झाला असता. आता ठरल्या वेळी दुर्बिणीला येत राहायचं."

मास्टरांनी भावाच्या मानेवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. दोघं दारापर्यंत गेले आणि सलीम तिथून एकटाच परत आला.

"सिस्टर, मेरी बेटी है. आयेशा. छोटी है. उसका?"

"ती मोठी झाली की. तिशीच्या आसपास. तेव्हा तिची पण करायची."

"और तब तक?"

"तोवर काही नाही. तिला फक्त सांगून ठेवा. लपवू नका."

त्याला बरीच वर्षं झाली. शहराचं नाव बदललं, बिडकीनला शेतांच्या जागी कारखाने आले, मी निवृत्त झाले. मास्टर आहेत. दाढी पांढरी झालीय, दुकान एक जुना कारागीर बघतो, कापणी अजून तेच करतात. सलीमचे नंतर दोन बारीक कोंब निघाले, तेही काढले.

गेल्या आठवड्यात मला एक फोन आला. "आंटी, मी आयेशा. अब्बूंनी तुमचा नंबर दिला." ती बिडकीनच्या शाळेत शिकवते, तिला एक मुलगा आहे. सासरची माणसं म्हणतात, काही होत नसताना आत दुर्बीण कशाला घालायची. बड़े अब्बू, म्हणजे मास्टर, स्वतः तिला घेऊन येणार आहेत. तिनं मला सगळं विचारलं. जुलाबाचं औषध किती कडू असतं, गुंगीत काही बडबड होते का, बाळाला अंगावरचं दूध देता येईल का. मी एकेकाचं उत्तर दिलं. मग तिनं आवाज बारीक केला.

"आंटी, तुम्हाला काय वाटतं? काही निघेल?"

येत्या बुधवारी तपासणी आहे. मीही जाणार आहे, आत सोडणार नाहीत, बाकावर बसेन. तिच्या पोटात बहुतेक काहीही नसेल. असलंच तर बारीकसा कोंब असेल, आणि तो तिथंच निघून जाईल. फोनवर मी तिला हे पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि फोन ठेवल्यापासून स्वतःला सांगतेय.